बांधाच्या अलीकडे रोवलेला दगड

रस्ता कुठे संपावा हे ठरवण्याचं काम मी अकरा वर्षं केलं. लोकांना वाटतं, रस्ते माणसांच्या चालण्यानं पडतात. जुन्या गावात तसं झालंही असेल. पण शहराच्या कडेला शेतं मोडून जी नवी वस्ती उठते, तिथे रस्ता आधी कागदावर पडतो. आणि तो कागदावर पाडणारा बहुधा माझ्यासारखा असतो. मॅट्रिक झालेला, कानावर पेन्सिल अडकवलेला, आणि त्या जमिनीवर कधी अनवाणी न चाललेला.

या अंकाच्या संपादकांनी ‘कचेरीतले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. गमतीदार आहेत तेवढे आधी सांगून टाकतो. त्यानंतर जे सांगायचं आहे ते गमतीदार नाही. पण ते छापून यावं अशी माझी इच्छा आहे, कारण ती चूक माझी आहे आणि सरकारी फाइलीत ती कुणाच्याच नावावर नाही.

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. छापताना वाकडी गेलेली, शाई पुसट उठलेली, म्हणून बाजूला टाकलेली. जुलमाविरुद्धची, सावकारीविरुद्धची, प्रजेच्या हक्कांची. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. त्यामुळे ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा!’ हे मी आधी वाचायला शिकलो आणि ‘कमळ बघ’ नंतर. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या सुमारास मी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून, म्हणजे झिरझिरीत कापडावर नकाशे उतरवून काढणारा म्हणून लागलो, तेव्हा ही भाषा माझ्याबरोबर कचेरीत आली. एका फाइलीवर मी शेरा लिहिला होता, ‘रस्ता हा कुणा एका मालकाची मेहेरबानी नसून उद्याच्या नागरिकांचा हक्क आहे!!’

आमचे साहेब, देशिंगकर, शांत गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, “ही दोन उद्गारचिन्हं कुणासाठी?”

“साहेब, एक मालकासाठी.”

“आणि दुसरं माझ्यासाठी का?” असं म्हणून त्यांनी लाल शाईनं दोन्ही खोडली. वाक्य मात्र ठेवलं. म्हणून मी त्यांना मानत असे.

हा धंदा बाहेरच्याला समजावून सांगायचा तर असा. एखाद्या शेतकऱ्याची शहरालगत आठ एकर जमीन असते. ऊस किंवा जोंधळा करण्यापेक्षा प्लॉट पाडून विकणं त्याला परवडतं. तो नकाशा काढून आणतो. त्यात प्लॉट जास्तीत जास्त आणि रस्ता कमीत कमी असतो, कारण रस्ता विकता येत नाही. आमचं काम याच्या उलट. आमचे नियम बरेच होते, पण त्यातले दोन माझ्या रक्तात भिनले. पहिला नियम असा, की आतला रस्ता शेजाऱ्याच्या हद्दीला भिडलाच पाहिजे. शेजाऱ्याच्या रानात आज ऊस उभा असला तरी. कारण उद्या त्याचेही प्लॉट पडतील आणि त्याचा रस्ता या रस्त्याला येऊन मिळेल. तसं झालं नाही तर एकेक शेत म्हणजे एकेक बंद पेटी होते. सगळ्या पेट्यांची तोंडं हमरस्त्याकडे. आपल्या परड्यामागच्या घरी जायचं तर माणसानं हमरस्त्यापर्यंत चालत यावं, तिथून पुढे जावं आणि पुन्हा आत शिरावं. दुसरा नियम असा, की मध्ये ओढा किंवा विहीर असेल आणि रस्ता पुढे जाऊच शकत नसेल, तर बंद रस्ता चालेल. पण तो आखूड पाहिजे आणि त्याच्या टोकाला गाडी वळेल, आगीचा बंब वळेल एवढी गोल जागा पाहिजे.

या गोल जागेवरून एका गूळ व्यापाऱ्याशी आमचं वाजलं. त्यानं बंद रस्त्याच्या टोकाला गोल काढला होता, पण तो परातीएवढा. मी म्हणालो, “यात गाडी वळत नाही.”

तो म्हणाला, “वळती की! माजी बैलं लई हुशार हायती.”

आमच्याकडे साखळी धरायला हसनभाई होते. मूळचे गडमुडशिंगीचे. जमीन मोजताना लोखंडी साखळीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांनी त्या व्यापाऱ्याच्या रानात चुन्याच्या फक्कीनं नकाशातला गोल जसाच्या तसा आखला आणि म्हणाले, “आता बोलवा हुशार बैलं.” उसानं भरलेली गाडी आली. गाडीवानानं पुढे घातली, मागे रेटली, पुन्हा पुढे घातली. तिसऱ्या वेळी मागचं चाक पाटात गेलं आणि निम्मा ऊस खाली. जमलेल्या मंडळींनी तो तिथल्या तिथे सोलून खायला सुरुवात केली. व्यापारी गाडीवानावर खेकसला, तेव्हा गाडीवान म्हणाला, “मालक, बैलं हुशार हायती म्हणूनच न्हाय म्हनत्यात.” गोल मोठा झाला. आजही तिथे गाड्या वळतात.

एक निवृत्त मास्तर उलट बाजूनं भांडायला आले. त्यांना त्यांचा रस्ता बंदच हवा होता. “पोरं दारात खेळतात, परका माणूस येत नाही. तुम्ही तो पलीकडे जोडलात की माझी झोप गेली.” मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. नागरिकत्व, समता, दळणवळण. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळ, तुला मुलं आहेत का?” नव्हती. मास्तरांचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. नियमाप्रमाणे रस्ता जोडला गेला, हे मात्र खरं.

आता आबांकडे येतो.

कागलकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला दोन भावांची जमीन होती. थोरले आबा आणि धाकटे नाना. एकाच मळ्याची वाटणी होऊन दोन शेतं झालेली आणि मध्ये बांध. वाटणीत विहीर आबांकडे आली, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि नानांनी चारचौघांत शपथ घेतली, की थोरल्याच्या उंबऱ्याला मी आणि माझ्या घरातलं कुणी पाय लावणार नाही. आबांनी लगेच तीच शपथ उलट बाजूनं घेतली. दोघांनीही एका गोष्टीचा विचार केला नाही. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या. थोरली गोदाक्का, धाकटी आनसाबाई. एकाच मांडवात, एकाच दिवशी या घरात आलेल्या.

आबांचा प्लॉटांचा नकाशा माझ्या टेबलावर आला. रस्ता हमरस्त्यापासून आत सरळ गेला होता, पण नानांच्या हद्दीपासून एक फूट अलीकडे थांबला होता. ही एक फुटाची पट्टी आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. रस्ता लोकांच्या मालकीचा होतो, पण टोकाची पट्टी मालक स्वतःच्या नावावर ठेवतो. उद्या शेजारी रस्ता जोडायला आला की हा म्हणणार, माझी पट्टी ओलांडू नकोस.

मी आबांना विचारलं, “ही फूटभर पट्टी कशाला?”

डोक्याला पटका, पायात करकरणारं पायताण. आबा खुर्चीत ऐसपैस बसले होते. म्हणाले, “आसू द्या की. फुलझाडं लावीन.”

“एक फुटात?”

“बारकी लावीन.”

सहा महिने हे प्रकरण चाललं. आबा दर आठवड्याला यायचे, कधी एकटे, कधी कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन. मी हटलो नाही. “माज्या भावाला मी रस्ता का द्यायचा? तुमी कोन सांगनार?” असं ते ओरडत, तेव्हा मी म्हणे, “आबा, रस्ता भावाला नाही. तुमच्या मागून पन्नास वर्षांनी जी माणसं इथे राहतील त्यांना आहे.” ते म्हणत, “ती मानसं माज्याकडं आली न्हाईत मागाया.” देशिंगकर साहेब माझ्या बाजूनं उभे राहिले आणि पट्टी खोडली गेली. रस्ता हद्दीपर्यंत न्यावा, असा हुकूम झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी शाईचे हात फडक्याला पुसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढी थाप मला पुरेशी होती.

मग दगड रोवायचा दिवस ठरला. नकाशा मंजूर झाला की जागेवर जाऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि टोकाला दगड रोवायचे असतात. तिथून पुढे कागदाला किंमत नाही, दगडाला आहे. नेमके त्या दिवशी हसनभाई गावच्या उरुसाला गेले होते. मी चार दिवस थांबू शकलो असतो. पण मला जिंकलेला रस्ता डोळ्यांनी बघायची घाई होती. कचेरीतला एक शिपाई साखळी धरायला घेतला आणि गेलो.

हसनभाईंची एक सवय होती. कुठल्याही रानात पाय ठेवला की मालकाला पहिला प्रश्न, “बांध कुनाचा?” मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची बोलायची रीत असेल, रामराम म्हणतात तसं. मी शहरात वाढलेला. माझ्या लेखी हद्द म्हणजे नकाशावरची रेघ आणि रेघेला रुंदी नसते. रानात मात्र हद्द म्हणजे बांध. मातीचा, दगडाधोंड्यांचा, त्यावर बाभळ उगवलेली, पिढ्यान्पिढ्या माणसं त्यावरून चालत आलेली. त्या बांधाला चांगली रुंदी असते आणि तो कुणाच्या तरी मालकीचा असतो.

त्या दिवशी मी हमरस्त्यापासून साखळी टाकत आत गेलो. जिथे नांगरट संपली आणि बांध चढू लागला, तिथे थांबलो. समोर बांध दिसत होता, म्हणजे हद्द आली. टोकाचा दगड तिथे रोवला. बांधाच्या अलीकडे, बांधाच्या पायाशी.

आबा शेजारी उभे होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्याशी गोड बोलले. “बसा की सायेब. दमलासा. शेंगा खावा.” भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा पुढे आला. मला वाटलं, विचार पटला की माणूस असा बदलतो. परत जाताना सायकलवर मी मनातल्या मनात यावर एक पत्रकही लिहून काढलं.

मी शेंगा खात होतो तेव्हाच गोदाक्का ताकाचा तांब्या घेऊन आली होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, गुडघ्यावर हात टेकत चालणारी. नवरा थोडा लांब गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “सायेब, ह्यो रस्ता पार पल्याड जानार का?”

“जाणार अक्का. नानांनी प्लॉट पाडले की त्यांचा रस्ता याला मिळणार. नियमच आहे.”

“म्हंजे ह्यो रस्ता कुनाचा?”

“कुणाचा नाही. सगळ्यांचा.”

“आमच्या ह्यांचा न्हाय?”

“नाही.”

“नानाचा बी न्हाय?”

“नाही.”

तिनं तांब्या खाली ठेवला आणि बांधावरच्या बाभळीकडे बघितलं. मग मला सांगितलं. वाटणीपासून दोघी बहिणी दुपारी त्या बाभळीखाली भेटत होत्या. एकमेकींच्या घरी जायचं नाही, ही शपथ. पण बांध म्हणजे कुणाचं घर नव्हे. ही इकडून भाकरी आणायची, ती तिकडून कालवण. “आता हितं घरं व्हनार, तितं बी घरं व्हनार. परड्याच्या भिंती येनार. मग आमी बसायचं कुटं? लोकाच्या दारात? ती माज्या दारापुढं आली तर मला आत ये म्हनाय लागतंय. आत आली तर शपथ मोडती, न्हाय आली तर चारचौघांत माजं नाक कापतंय. रस्ता झाला तर बरं. रस्त्यावर हुबं ऱ्हायला कुनाची शपथ आड येत न्हाय.”

इतकी वर्षं मी रस्त्यांची समर्थनं लिहिली. बंब, गाड्या, दळणवळण, उद्याचे नागरिक. रस्ता म्हणजे जिथे दोन माणसं कुणाच्याही घरात न शिरता उभी राहू शकतात ती जागा, हे मला त्या बाईनं सांगितलं. तो रस्ता व्हावा असं मला आधी तत्त्व म्हणून वाटत होतं. त्या दुपारपासून मला त्याची ओढ लागली.

चार वर्षं गेली. आबांच्या प्लॉटांवर घरं उठली. शिक्षक, कारकून, एक वकील. रस्त्याला मुरूम पडला. कामाच्या निमित्तानं त्या बाजूला गेलो की मी त्या टोकाशी सायकल थांबवायचो. दुपारची वेळ असली तर बाभळीखाली दोन पदर दिसायचे. आनसाबाई काटकुळी, बोलताना हात नाचवणारी. मला बघून ओरडायची, “आलं बगा रस्तेवालं पावणं! कवा व्हनार वो तुमचा रस्ता? का आमी म्हाताऱ्या झाल्यावर?” मी सांगायचो, नानांनी प्लॉट पाडू देत, मग बघा. ती म्हणायची, “त्यास्नी म्या रोज म्हनतो, पाडा की एकदाचं! पर ते ऊस सोडत न्हाईत.” या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘म्हनतो’, ‘येतो’ असं पुरुषासारखं बोलतात. तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

आणि एक दिवस नानांचा नकाशा आला. मी तो सगळ्यांच्या आधी उचलला. आबांचा मंजूर नकाशा, दगड रोवल्यावर त्यांच्या मापानं पुन्हा उतरवलेला, कपाटातून काढला. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून दोन्ही ट्रेसिंग शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही रस्ते समोरासमोर, एकाच रुंदीचे, एकाच रेषेत. फक्त टेकत नव्हते. मध्ये फट राहत होती. मी कागद सरकवले, पुन्हा लावले. फट राहिलीच. सुताराच्या मापात सांगायचं तर एक सूत. पण नकाशाचं प्रमाण एक इंचाला चाळीस फूट असलं की एक सूत म्हणजे पाच फूट होतात.

हसनभाईंना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, बोट त्या फटीवर ठेवलं आणि म्हणाले, “बांध सोडलासा की वो.”

“बांध कुणाचा आहे?”

“ते त्या दिवशी इचारायचं हुतं,” हसनभाई म्हणाले. रागानं नाही. पण त्यांनी मला एरवीसारखं ‘सायेब’ म्हटलं नाही.

वाटणीच्या कागदात सगळा बांध आबांकडे गेला होता. मी सहा महिने भांडून त्यांच्याकडून एक फुटाची पट्टी काढून घेतली होती आणि एका दिवसात स्वतःच्या हातानं त्यांना पाच फुटांची परत दिली होती. शेंगा आणि गूळ कशाबद्दल होते, ते मला चार वर्षांनी कळलं.

मी त्याच दिवशी आबांकडे गेलो. म्हणालो, “दगड चुकीचा बसलाय. तो बांधापलीकडे हवा होता. तुम्ही सही करा, मी दुरुस्तीचा कागद करून आणतो.”

आबा सोप्यात बसून पान लावत होते. “दगूड कुनी रवला?”

“मी.”

“मी काय बोललो व्हतो का तवा?”

“नाही.”

“मग? सरकारी मानसानं रवल्याला दगूड. मी कोन हलवनार?” आणि पान तोंडात घालून म्हणाले, “सा म्हैनं मला पन्नास वर्सांनंतरची मानसं दावलीत तुमी. पायाखालचा बांध दिसला न्हाय व्हय?”

पुढच्याच महिन्यात त्यांनी बाभळ तोडली आणि बांधाच्या जागी दगडी भिंत घातली. पुरुषभर उंच, वर काचा रोवलेली. रस्त्याच्या ऐन तोंडाला. पुढे दोन्ही बाजूंना घरांची आवारं आली, मध्ये ती भिंत. आता एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर हमरस्त्याला वळसा घालून दीड मैल. गोदाक्काचा गुडघा तोवर पार गेला होता. तिला तेवढं चालवत नव्हतं, आणि आनसाबाई आली असती तर वाट आबांच्या दारापुढूनच होती, तिथे शपथ आड.

मी देशिंगकर साहेबांसमोर जाऊन सांगितलं, की चूक माझी आहे, लेखी देतो. त्यांनी चष्मा काढला. “लेखी देऊन काय होईल? मंजूर नकाशा बदलायचा तर मालकाची सही हवी. ती नसेल तर जमीन सक्तीनं घ्यायची. पाच फुटांच्या बांधासाठी ते कोण करणार?” तरी त्यांनी माझ्या प्रस्तावावर शिफारस लिहिली. प्रस्ताव वर गेला आणि परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी असं काही जळजळीत लिहिलं, की साहेब म्हणाले, “यात मी उद्गारचिन्हं खोडत नाही. जाऊ दे तसंच.” तोही परत आला. शेरा होता, ‘दोन्ही रस्ते हमरस्त्यास जोडलेले असल्याने गैरसोय नाही.’

त्या शेऱ्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

पत्रकं वाचत वाढलेल्या मुलाला शत्रू लागतो. जुलमी सरकार, सावकार, जमीनदार. या प्रकरणात मी शत्रू बराच शोधला. आबा हेकट होते, पण कायद्यात होते. वरची कचेरी थंड होती, पण तिचं म्हणणं कागदाला धरून होतं. शेवटी उरला तो दगड, आणि ज्याला बांध कुणाचा एवढंसुद्धा विचारता आलं नाही असा एक तरुण. मी नोकरी सोडली त्याला हे एकच कारण नव्हे. पण त्यानंतर कोरं ट्रेसिंग कापड पसरलं की मला आधी ती फट दिसायची.

अजूनही कधी कधी मी मनात तो रस्ता पुरा करतो. भिंत नाही, काचा नाहीत. मुरमाचा रस्ता हमरस्त्यावरून आत येतो, दोन्ही भावांच्या जमिनीतून सरळ जातो आणि पलीकडे निघतो. कुणी सायकलवरून जातो, कुणी डोक्यावर भारा घेऊन. ऐन मध्यावर, कुणाच्याच दारात नाही अशा जागी, दोन बायका बोलत उभ्या असतात. गाडी आली की बाजूला होतात, आणि गाडी गेली की पुन्हा तिथेच येतात.

तिसरा प्रस्ताव परत आला तेव्हा ते दोघींना मी स्वतः सांगायचं ठरवलं. आधी नानांच्या बाजूला गेलो. आनसाबाई रस्त्याच्या टोकाला पोत्यावर बसून घेवडा निवडत होती आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं बोलत होती. भिंतीपलीकडून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर येत होतं.

“आगं, तुजी सून कालवनात मीठ घालती का न्हाय?”

“घालती की! तुज्यागत मूठभर न्हाय घालत!”

“मग जावई जेवला का?”

“दोन भाकरी खाल्ल्या! तुजा कवा खायाचा एवढं?”

रस्त्यानं जाणारी पोरं हसत होती. दोघींना त्याचं काही नव्हतं. मी पुढे होऊन आनसाबाईला सांगितलं, की प्रस्ताव परत आला. तिनं घेवड्याची शीर ओढून टाकली आणि एवढंच म्हणाली, “तिला बी सांगून या. माज्यानं वरडून सांगवायचं न्हाय.”

दीड मैलाचा वळसा घालून मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. गोदाक्का भिंतीला पाठ टेकून, दुखरा पाय लांब करून बसली होती. मी सगळं सांगितलं. दगड मी चुकीचा रोवला होता, हेही पहिल्यांदाच तिला स्पष्ट सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं.

“लेकरा, तू तिकडनंच आलास न्हवं?”

“हो.”

“आन्सी दिसली तुला?”

“दिसली.”

“कशी दिसती?” मग तिनंच सांगितलं, “आवाज ऐकतो की मी रोज. पर तीन वर्सं झाली, बगितली न्हाय. वाळली का लई? केस पिकलं?”

मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, “पुढचे पांढरे झालेत. मागचे काळे आहेत.”

“आईगत,” गोदाक्का म्हणाली. “आईचं बी पुढनंच पिकलं हुतं.” मग मान वळवून भिंतीला तोंड लावून ओरडली, “आन्से! तुजं केस पिकलं की गं!”

पलीकडून लगेच आवाज आला, “कोन म्हनतंय?”

“रस्तेवालं सायेब म्हनत्यात!”

“त्यास्नी म्हनावं, तुमी सांगू नगासा! माजं केस माजं मी दावतो तिला! तुमी आदी भिंत पाडा!”

गोदाक्का खो खो हसली. मग हसणं ओसरलं, आणि मी काय उत्तर देतो ते ऐकायला ती माझ्याकडे बघत राहिली.